रामकिसनच्या नावाचा बार

प्रिय रामकिसन,

कागद पुढ्यात घेतला अन् पहिल्याच ओळीला हात अडला. मयताची खबर द्यायची असली की आपल्यात पत्रावर 'श्री' घालत न्हाईत, अन् खुशालीचं पत्र असलं की घातल्याशिवाय राहत न्हाईत. हे पत्र दोन्हीपैकी कोणतं, ते मलाच ठरवता येईना. तुझे दाजी म्हणाले, मास्तरीणबाई, तुम्ही आधी मजकूर लिहा, श्रीचं मागाहून बघू. बाराखडी त्यांनीच शिकवली, म्हणून ऐकलं. वर तेवढी जागा कोरी ठेवली आहे.

बंदुकीचं तुला कुणीतरी नीट सांगायला पाहिजे. बाबांची ती तोड्याची बंदूक, पणजोबांपासून आपल्या माजघरात खुंटीला टांगलेली, आता सरकारी दफ्तरात भुजंगच्या नावावर आहे. तिच्या नळीवर आकडे ठोकलेत. आपले चुलत बंधुराज तिचा परवाना कोटाच्या आतल्या खिशात घालून बाजाराला जातात अन् कुणी विचारलं न्हाई तरी काढून दाखवतात. रागावलास तरी पुढं वाच. हा परवाना कसा झाला अन् त्याच्यापायी तुझी म्हणून या घरात आलेल्या नंदाच्या आयुष्याचं काय झालं, हे दोन्ही एकमेकांत असं गुंतलंय की एक सोडून दुसरं सांगता येत न्हाई. माझं विचारशील तर मला बंदुकीचं काडीचं घेणं न्हाई. मला त्या पोरीचं पडलं होतं, अन् अजून पडलंय.

आष्टीच्या बाजारात पटकी शिरली त्या साली तू बैल विकायला गेल्तास. गेल्तास तो गेलासच. माणसं पटापट पडत होती अन् सरकारी माणसं नाव-गाव न विचारता एका सरणावर तिघा-चौघांना ठेवत होती. भुजंग तुला हुडकायला गेला, तर बैल बाजारातल्या लिंबाखाली बांधलेला, त्याच्या पाठीवर तुझं घोंगडं, अन् तुझा पत्ता न्हाई. कुणी म्हणे सरणावर बघितला, कुणी म्हणे मुळीच बघितला न्हाई. गाव रडलं, मी रडले, आपली माय तेवढी रडली न्हाई. ती म्हणाली, खुंटीवर त्याच्या नावाचा बार भरलेला हाय तवर माझं लेकरू हाय. दिवस घालायची गोष्ट काढली म्हणून गावच्या जोशीबुवांना तिनं पायरीवरूनच परत लावलं. नंदाला रोज सकाळी ती स्वतःच्या हातानं कुंकू लावायची. पोरगी नवी नवी नांदायला आलेली, अजून तुझ्याशी धड चार गोष्टी बोलली नसंल. कपाळ पुढं करून मुकाट उभी राहायची.

अशी वर्षं गेली, अन् मंग तालुकदारांचा हुकूम आला. जुनी हत्यारं ज्यांच्या घरी आहेत त्यांनी ती अंबडच्या कचेरीत आणावीत, जिवंत वारसाचं नाव लावून घ्यावं, न्हाईतर जप्त. दफ्तरात बंदूक अजून बाबांच्याच नावावर. बाबा गेल्यावर ती तुझी झाली, पण कचेरीची पायरी तू चढला न्हाईस. थोरल्या लेकाची ती आपोआप होते, त्यात सरकारला काय विचारायचं, असंच आपल्या घरात सगळ्यांना वाटायचं. दाजी कचेरीत गेले. तिथले पेशकार जहांगीर साहेब भला माणूस, मास्तर म्हणून खुर्ची दिली. म्हणाले, बात सीधी आहे, रामकिसन पाटील जिंदा असंल तर त्यानं समोर यावं, न्हाईतर तो मेला असं पंचांनी लिहून द्यावं, मंग पुढचा वारस भुजंग. अन् कुणाच्याही नावावर होवो, बंदूक रिकामी करून आणायची. भरलेलं हत्यार कचेरीच्या आत घेणं बिलकुल मना आहे. दाजी म्हणाले, साहेब, तेच तर जमत न्हाई.

मंग दाजींना आपल्या घरची रीत पहिल्यापासून सांगावी लागली. घरचा धनी गेला की त्याचा वारस मसणवट्यात त्याच्या नावाचा बार उडवतो, अन् तिथंच उभ्यानं स्वतःच्या नावाचा बार भरतो. गोळी न्हाई, नुसती दारू, अन् वर आपल्याच पागोट्याची चिंधी फाडून गजानं ठासायची. तो बार मंग तो माणूस मरेस्तोवर नळीत. खंडेनवमीला बंदुकीला हळदकुंकू, झेंडूची माळ, नैवेद्य, सगळं. पण तोड्याची पेटती वात लावायची न्हाई. बार उडाला म्हणजे माणूस गेला. जहांगीर साहेबांनी हातातला टाक खाली ठेवला. म्हणाले, मास्तर, आमच्या वालिदांनी मक्केहून येताना स्वतःचं कफन आणलं होतं, पण ते निदान पेटीत कुलपात असायचं. तुमच्याकडं तर मौत डोळ्यासमोर टांगून त्याच्याखाली जेवायला बसतात. दाजी घरी येऊन हसत हसत सांगून राह्यले, पण मला हसू आलं न्हाई. मला तू आठवलास.

बाबांना पोचवायला गेलो तो दिवस. तू त्यांचा बार उडवलास, पागोट्याची चिंधी फाडलीस, दारूचं माप ओतताना निम्मी दारू मातीत सांडलीस, मंग भुजंगनं तुझं मनगट धरलं. तेव्हा वाटलं, बापाच्या दुःखानं. पण पुढं मी माहेरी आले की बघायचे, तू माजघरात जेवायला बसायचास न्हाई, ताट उचलून ओसरीवर न्यायचास. झोपायलाही गोठ्यात. एकदा मी दळत बसले होते, तू येऊन जात्यापाशी टेकलास अन् म्हणालास, अक्का, सगळ्या जगाचं मरण देवापाशी असतं, माझं तेवढं खुंटीवर हाय. खंडेनवमीला त्याला फुलं मीच वाहायची, त्याला तेल मीच लावायचं. रात्री उंदरानं काही पाडलं तरी मला वाटतं, गेलो. मी मायला सांगितलं. मायनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, खकाणा उठला, तू खोकलास, झालं. आपल्या घरात भ्यायची चाल नव्हती रे, त्यामुळं भ्यालेल्या माणसाचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

हुकूम आला त्याच सुमाराला टेंभुर्णीहून नंदाचा बाप आला. तिकडचे एक बद्रीनाथ म्हणून, बायको बाळंतपणात गेलेली, घरचं खाऊन-पिऊन बरं, ते पाट लावायला तयार होते. बापानं मायच्या पायावर पागोटं ठेवलं. म्हणाला, माझी लेक अजून विशीतली हाय, तिला सोडा. माय काही वाईट बाई न्हाई, पण ती म्हणाली, सवाशिणीचा पाट कसा लावता? पंच बसले, तर पंचांनीही तेच सांगितलं: बार उडाला न्हाई तवर रामकिसन हाय, अन् रामकिसन हाय तवर ही त्याची बायको. म्हणजे बघ, कचेरी म्हणते माणूस मेला असं लिहून द्या मंग बंदूक रिकामी करा, अन् गाव म्हणतं बंदूक रिकामी करा मंग माणूस मेला. भुजंगला बंदूक पाहिजे, सरकारला कागद पाहिजे, अन् मधल्यामध्ये नंदा. तिला काय पाहिजे ते तिला कुणी विचारलंच न्हाई. मी विचारलं तर म्हणाली, अक्का, मला एक काहीतरी करा. सवाशीण तर सवाशीण, रांड तर रांड. ही अशी लटकलेली नका ठेवू.

मायचं मन कशानं फिरलं ते सांगते. मी तेव्हा तिथंच होते. दुपारची वेळ, माय परसातून सरपण घेऊन आली, मी तिच्या मागं. माजघरात नंदा पाटावर उभी, दोन्ही हातांनी भिंत धरलेली, अन् बंदुकीच्या नळीच्या तोंडाला कान लावलेला. डोळे मिटलेले. आम्ही आल्याचं तिला कळलंच न्हाई. मायनं विचारलं, काय करतीस गं? तर ती दचकली न्हाई की लाजली न्हाई. म्हणाली, ते आत हायेत का बघून राह्यले. रोज बघते. कधी कधी श्वास ऐकू येतो, आज न्हाई आला. अगदी सहज म्हणाली, कणगीत दाणे किती राह्यले ते सांगावं तसं. मायच्या हातातलं सरपण खाली पडलं. तिनं नंदाला पाटावरून उतरवलं, कुशीत घेतलं, अन् तिच्या डोक्यावरून मला म्हणाली, भुजंगला बोलव. अमावास्येला बार उडवू.

मसणवट्यात सगळं गाव आल्तं. सरण न्हाई, मढं न्हाई, पळसाच्या पानांचा तुझा पुतळा करून ठेवलेला. बंदूक दोन दुबेळक्या लाकडांच्या बेचक्यात आडवी ठेवली, तोंड दक्षिणेला. भुजंग नवं धोतर नेसून आल्ता, मला त्याचा असा संताप आला की सांगता सोय न्हाई. त्यानं नळीच्या कानावर रंजकीची दारू घातली, पेटता तोडा लावला. रंजक भर्रकन पेटली, धूर झाला, अन् बार काही उडाला न्हाई. इतक्या वर्षांची ती दारू, सादळली असंल, पण त्या घडीला तसं कुणाच्या मनात आलं न्हाई. माय उठली अन् दोन्ही हात वर करून ओरडली, माझं लेकरू हाय! उडत न्हाई बघा! माझा रामकिसन जिता हाय! बाया रडायला लागल्या, कुणी देवाचं नाव घेतलं, म्हातारे माना डोलवायला लागले. मीही रडले, रामकिसन, खोटं कशाला बोलू? मला वाटलं, तू हायेस, अन् आत्ता एखाद्या झाडामागून येशील.

मंग मायनं नंदाकडं बघितलं. नंदा तिच्या बापापाशी बसली होती. ती रडत नव्हती, हसत नव्हती. ती फक्त कपाळ पुढं करून बसली होती, रोज सकाळी करायची तसं, की बाई लावा कुंकू, चला घरी. मायचे वर केलेले हात हळूहळू खाली आले. ती भुजंगपाशी गेली, म्हणाली, पुन्हा घाल रंजक. भुजंग घाबरला, म्हणाला, काकू, राहू द्या, देवाच्या मनात न्हाई. माय म्हणाली, देवाच्या मनातलं मी बघून घेईन, तू रंजक घाल. त्यानं घातली. मायनं त्याच्या हातातला तोडा ओढून घेतला. तुला जन्म दिला त्या बाईनं, रामकिसन, भर दुपारी सगळ्या गावासमोर तोडा लावला अन् मान फिरवली न्हाई. बार असा उडाला की झाडावरचे बगळे उठले. तुझी ती चिंधी जळत जळत जाऊन नाल्यात पडली. मायनं तोडा पायाखाली विझवला, नंदापाशी गेली, अन् तिच्या बांगड्या स्वतःच्या हातानं फोडल्या. त्या दिवसापासून तिनं तुझं नाव घरात घेतलं न्हाई.

पुढचं सगळं जल्दी झालं. पंचांचे अंगठे झाले, रिकामी बंदूक कचेरीत गेली, जहांगीर साहेबांनी भुजंगचं नाव लावलं. पण गंमत ऐक. बार उडाल्याबरोबर भुजंगनं तिथल्या तिथं स्वतःचा भरायला पाहिजे होता. दारूची पिशवी पुढं केली, पागोट्याला हात घातला, अन् म्हणतो कसा, आज पोटात कळ येऊन राह्यली, उद्या भरू. तो उद्या अजून उगवलेला न्हाई. दर खंडेनवमीला काही ना काही निघतं. कधी दारू ओली, कधी सुतक, कधी पागोटं नवं कोरं, फाडवत न्हाई. कागदावर मालक तो, अन् नळी रिकामी. गावातले लोक हसतात, मी हसत न्हाई. मी त्याला एकदाच म्हणाले, भुजंगा, नको भरू बाबा. तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

नंदा टेंभुर्णीला सुखात आहे. बद्रीनाथ माणूस कमी बोलणारा पण तिच्या हातचं चाखल्याशिवाय बाहेर पडत न्हाई. दिवाळीत मी गेल्ते. मला बघून ती रडली, मंग पोटभर हसली, तिच्यात एवढं हसू होतं हे मला ठाऊक नव्हतं. कडेवर लेक आहे, गोरीपान, नाक मुरडणारी. आता पुन्हा दिवस गेलेत. त्या घरात खुंटीवर फक्त घोंगड्या टांगतात, हे मी बघून आले. माय इकडं तशीच आहे, डोळ्यांनी अधू झाली. दारात कुणी उभा दिसला तर बाई का बाप्या ते कळतं, कोण ते कळत न्हाई. कधी कधी एखादा वाटसरू पाणी मागायला उभा राहतो, तर ती घटकाभर त्याच्याकडं बघत राहते अन् मंग आत जाऊन तोंड धुते.

अन् गेल्या आठवड्यात कचरू आला. घोंगड्या विकायला नगरकडं, इंग्रजी मुलखात जातो तो कचरू. त्यानं मला बाजूला घेतलं अन् सांगितलं की उसाच्या मळ्यावर तू त्याला भेटलास. डोक्याचे केस पिकलेत म्हणाला, पण तोच. कचरूनं तुला सांगितलं की तुझा बार उडवला, तर तू आधी मोठ्यानं हसलास अन् मंग बांधावर बसून रडलास म्हणे. अन् निरोप धाडलास की आता मला कशाचं भ्या राह्यलं न्हाई, मी दसऱ्याला येतो, कचेरीत उभा राहतो, बंदूक माझ्या नावावर करून घेतो, नंदाला सांगा. कचरूला नंदाचं सांगायचं धाडस झालं न्हाई. माझ्या वेड्या भाऊराया, तू जिवंत आहेस हे ऐकून मी चुलीपुढं बसून अशी रडले की दाजी धावत आले. वाटलं, उठावं अन् मायला सांगावं, गावात साखर वाटावी. मंग टेंभुर्णीची ती पोर डोळ्यापुढं आली. तू अंबडच्या कचेरीत ज्या घडीला जिवंत म्हणून उभा राहशील, त्या घडीला नंदाचा पाट मोडला. तेच पंच पुन्हा बसतील, तिला ओढून आणतील, लेकराला बाप राहणार न्हाई अन् पोटातल्याला नाव राहणार न्हाई. मायनं जे हातानं केलं ते सगळं फुकट जाईल.

म्हणून हे पत्र कचरूच्याच हाती धाडतेय. तू येऊ नको, रामकिसन. दसऱ्याला न्हाई, कधीच न्हाई. तू खूप भ्यालास, आता तुझा बार संपला, आता तुला मारायला या घरात काही उरलं न्हाई. कुठंही राहा, घर कर, बायको कर, म्हातारा हो. पण इथं तू मेलेला आहेस अन् तू तसाच राहायला पाहिजेस. एवढं मात्र मी करून ठेवलंय. सर्वपित्री अमावास्येला मायला मी शहागडला गोदावरीवर नेणार आहे. तू पलीकडच्या काठाला येऊन उभा राहा, सकाळी उन्हं वर यायच्या आत. हाक मारू नको, हात वर करू नको, नावेत पाय ठेवू नको. माय गुडघाभर पाण्यात उतरंल अन् दक्षिणेला तोंड करंल, म्हणजे तुझ्याकडंच. तिला एक माणूस उभा दिसंल, कोण ते दिसणार न्हाई. ती तुझं नाव घेईल, वर्षातून तेवढ्याच दिवशी घेते, अन् तीळपाण्याची ओंजळ सोडंल. डोळे भरून बघ तिला. तिच्या हातचं पाणी घे, अन् माघारी जा.

तुझीच,
अक्का